कुपीवरचा नंबर

२२ जून २०२१ रोजी दक्षिण कोलकात्यातल्या कसबा भागात एक कोविड लसीकरण शिबिर भरलं होतं. कोलकाता महापालिकेच्या नावाने, मोफत, आणि तृतीयपंथी व अपंग नागरिकांसाठी खास. जादवपूरच्या तेव्हाच्या खासदार आणि बंगाली चित्रपटांतल्या लोकप्रिय नायिका मिमी चक्रवर्ती पाहुण्या म्हणून आल्या होत्या. लोकांची भीड चेपावी म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत स्वतःच डोस घेतला. पण नंतर मोबाइलवर लस घेतल्याचा मेसेज आला नाही. नोंदणीसाठी कुणी आधार नंबरही विचारला नव्हता. प्रमाणपत्राची चौकशी केली, तर तीन-चार दिवसांत मिळेल, असं उत्तर आलं. त्यांनी बाकीच्यांकडे विचारपूस केली, त्यांनाही मेसेज नव्हता. मग त्यांनी पोलिसांत कळवलं. आयएएस अधिकारी आणि महापालिकेचा सहआयुक्त म्हणून मिरवणाऱ्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाला अटक झाली. तो ना आयएएस होता, ना महापालिकेचा कुणी. जप्त केलेल्या कुप्यांवरचं कोव्हिशील्डचं स्टिकर काढलं, तर खाली ॲमिकासिन या अँटिबायोटिकचं लेबल निघालं. कुप्यांवर ना बॅच नंबर होता, ना मुदत संपण्याची तारीख.

बातमी फुटल्यावर फसवणाऱ्याइतकीच चर्चा फसलेल्यांची झाली. एवढी माणसं फसतात कशी? त्याआधी ॲमहर्स्ट स्ट्रीटवरच्या सिटी कॉलेजातही याच माणसाने शिबिर घेतल्याचं उघडकीला आलं, तेव्हा तर ‘कॉलेजातल्या लोकांनाही कळू नये?’ असा सूर लागला. हा सूर अन्यायाचा आहे. सामान्य माणूस सरकार ओळखतो ते दिव्याच्या गाडीवरून, अंगरक्षकांवरून, फलकावरच्या बोधचिन्हावरून, आणि ही सगळी सामग्री त्या तरुणाने जमवली होती. तालतला भागातल्या रवींद्रनाथांच्या पुतळ्याच्या कोनशिलेवर त्याचं नाव मंत्र्यांच्या नावांच्या पंगतीत कोरलेलं होतं. ज्याला दगडावर जागा मिळाली, त्याच्याकडे ओळखपत्र मागायचं कुणी?

शिवाय लस ही वस्तूच अशी आहे, की घेणाऱ्याला तिची पारख करता येत नाही. भेंडी घेताना शेंडा मोडून बघता येतो. लशीचं तसं नाही. अर्धा मिलीलीटर द्रव, सुई टोचल्याची क्षणभराची कळ, आणि मग अर्धा तास खुर्चीत बसून राहणं. आत काय गेलं हे ना डोळ्याला कळतं, ना जिभेला. गुण आला तर काहीच होत नाही, आणि काहीच न होण्यावरून लस खरी होती की खोटी, हे सांगता येत नाही. म्हणजे लस घेणाऱ्याच्या हातात शेवटी उरतो तो पुरावा: कुणी दिली, कुठल्या कुपीतून दिली, आणि याची नोंद कुठे आहे.

म्हणून ‘मेसेज का आला नाही?’ या साध्या प्रश्नाकडे नीट पाहायला हवं. महामारीच्या काळात प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे अडाणी किंवा लसविरोधक, असं धरून चालायची सवय सरकारी यंत्रणेला आणि शिकलेल्या समाजालाही लागली होती. कसब्यातली फसवणूक उघड झाली ती कुठल्या तपासणी पथकामुळे नव्हे. जिने भर सभेत लस घेऊन तिच्यावरचा विश्वास दाखवला, तिनेच घरी जाऊन पुरावा शोधला. या दोन गोष्टींत विरोध नाही. पुरावा मागणारा माणूस लसीकरणाचा सगळ्यात भरवशाचा साथीदार असतो, आणि कोलकात्याचा लशींचा इतिहास याला साक्ष आहे.

हा इतिहास बराच जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर जे. झेड. होलवेल यांनी १७६७ मध्ये लंडनच्या वैद्यांसाठी बंगालमधल्या टिकादारांचं, म्हणजे देवी टोचणाऱ्यांचं, वर्णन लिहिलं. देवीच्या साथीचा मोसम सुरू होण्याआधी हे ब्राह्मण टिकादार वृंदावन, अलाहाबाद, काशीकडून बंगालात येत आणि गावं वाटून घेत. आदल्या वर्षीच्या फोडांतला पू कापसात जपून ठेवलेला असे. गंगाजलाचे थेंब टाकून तो ओला करायचा, हातावर बारीक ओरखडे काढून वर ठेवायचा, शीतलेची पूजा करायची, पथ्य सांगायचं. पद्धत धोक्याची होती, कारण त्यात खराखुरा देवीचा रोगच दिला जात होता आणि तो इतरांना लागू शकत होता. पण लोक दार उघडत, कारण माणूस ओळखीचा होता. तो पुढच्या वर्षी परत येणार होता, आणि गेल्या वर्षीची मुलं त्याला अंगणात भेटणार होती. त्याच्या कामाचा हिशोब गावासमोर उघडा होता.

जेन्नरची गोवंशी लस हिंदुस्थानात पहिल्यांदा लागू पडली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर. तिच्यापासूनच ती दंडोदंडी पुढे देशभर गेली. वैद्यकाच्या दृष्टीने ही लस टिकादारांच्या पद्धतीहून कितीतरी सुरक्षित होती, यात वाद नाही. १८६५ मध्ये कायदा करून कोलकात्यात जुन्या पद्धतीला बंदी घातली, तीही त्याच कारणाने. पण या बदलात घरोब्याचा माणूस गेला आणि त्याच्या जागी सरकारचा नोकर आला. पुढे बंगाल सरकारने कितीतरी जुन्या टिकादारांनाच नवी लस टोचायच्या कामावर घेतलं. औषध बदललं तरी चेहरा ओळखीचा हवा, एवढं शहाणपण त्या सरकारला अनुभवाने आलं होतं.

आणि मग १८९३ मध्ये कोलकात्यात उतरले वाल्देमार हाफकिन. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले, पटकीची लस घेऊन आलेले. लस त्यांनी आदल्या वर्षी, १८ जुलै १८९२ रोजी, स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली होती. उत्तर हिंदुस्थानात हजारो लोकांना ती देऊन ते १८९४ च्या मार्चमध्ये कोलकात्याला परतले. महापालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. सिम्पसन यांनी त्यांना शहरातल्या बस्त्यांमध्ये बोलावलं होतं. तळ्यांभोवती दाटीने वसलेल्या या झोपड्यांत पिण्याचं, धुण्याचं, आंघोळीचं पाणी एकच, आणि पटकी तिथे दरवर्षी ठरल्यासारखी यायची. काठाल बागान बस्तीत दोन माणसं पटकीने गेल्याचं कळताच हाफकिन तिथे पोहोचले. सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर बस्तीत आणखी १० जणांना पटकी झाली, ७ दगावले. हे सगळेच्या सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते.

या आकड्यांत लशीचं यश आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोजणीची शिस्त आहे. कुणाला टोचली, कुणाला नाही, कोण आजारी पडलं, याची घरटी नोंद ठेवली म्हणूनच ‘लस लागू पडते’ हे म्हणता आलं. बस्तीवाल्यांनी सुरुवातीला विरोध केला, दगडही फेकले गेले. हाफकिन यांनी त्यांना अडाणी ठरवलं नाही. लोकांसमोर ते स्वतःला सुई टोचून घेत. त्यांच्याबरोबर चौधरी, घोष, चटर्जी, दत्त असे बंगाली डॉक्टर होते, लोकांच्या भाषेत बोलणारे. संशयाला उत्तर म्हणून पुरावा द्यायचा, ही पद्धत त्यांनी याच शहरात रुजवली.

दोन वर्षांनी मुंबईत प्लेग आला आणि हाफकिन मुंबईला गेले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचली. परळच्या ज्या संस्थेला आज त्यांचं नाव आहे, तिची ही सुरुवात. मराठी वाचकाला एवढं साधारण ठाऊक असतं. त्यापुढचं प्रकरण मात्र कमी सांगितलं जातं.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात परळहून आलेली प्लेगची लस १०७ जणांना टोचली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. चौकशी आयोगाने ठपका ठेवला तो परळच्या प्रयोगशाळेवर. हाफकिन निलंबित झाले आणि कित्येक वर्षं अपमानित अवस्थेत लंडनमध्ये झगडत राहिले. त्यांना वाचवलं ते एका नंबरने. त्या दिवशी पाच कुप्या उघडल्या होत्या, आणि मेलेले सगळे एकाच कुपीतली लस घेतलेले होते. तिच्यावर ५३-एन असं लिहिलेलं होतं. दोष परळच्या लशीतच असता तर बाकीच्या कुप्यांनीही बळी घेतले असते. तपासात कळलं, की ती कुपी उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा मातीत पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला. १९०७ च्या जुलैत रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. ते निर्दोष ठरले, पण मुंबईतली त्यांची जागा तोवर भरली गेली होती. मग ते पुन्हा कोलकात्यालाच आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

५३-एन नसता तर काय झालं असतं? १९ मृत्यूंचा डाग सगळ्या लशीवर राहिला असता, आणि प्लेगच्या पुढच्या साथींत लोकांनी ती नाकारली असती. म्हणजे कुपीवरचा नंबर टोचून घेणाऱ्याला जेवढा राखतो, तेवढाच लस बनवणाऱ्यालाही राखतो. कसब्याच्या कुप्यांवर तोच नव्हता.

इथे एक आक्षेप घेता येईल. प्रत्येकाने ‘दाखवा, सिद्ध करा’ म्हणायचं ठरवलं तर महामारीत लसीकरण पुढे सरकणार कसं? शंकेखोरांना आयतं कोलीत मिळणार नाही का? याला उत्तर कोलकात्यातच, बेलियाघाटातल्या ‘नायसेड’मध्ये आहे. २ डिसेंबर २०२० रोजी या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीला सुरुवात झाली, आणि राज्याचे तेव्हाचे मंत्री फिरहाद हकीम स्वयंसेवक म्हणून पुढे आले. देशभरात २५,८०० माणसांवर व्हायची ही चाचणी. निम्म्यांना लस, निम्म्यांना निरुपद्रवी द्रव. आपल्या दंडात काय गेलं हे स्वयंसेवकाला ठाऊक नसतं, टोचणाऱ्यालाही नसतं. यापेक्षा मोठं अज्ञान कुठलं? तरीही माणसं आनंदाने हात पुढे करतात. कारण आपल्याला माहीत नाही, हे त्यांना आधी सांगितलेलं असतं, त्यांची लेखी संमती घेतलेली असते, आणि प्रत्येक कुपीचा संकेतांक कुठेतरी जपलेला असतो, जो एक दिवस उलगडणार असतो. माणूस न कळण्याला घाबरत नाही. आपल्यापासून लपवलं जातंय, या भावनेला घाबरतो.

आता पुन्हा २०२१ कडे. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं, मार्चपासून साठीपुढच्यांना, एप्रिलपासून पंचेचाळीशीपुढच्यांना, आणि १ मेपासून अठरापुढच्या सगळ्यांना परवानगी मिळाली. परवानगी मिळाली, लस मिळेना. बंगालात सरकारी केंद्रांपुढे माणसं आदल्या रात्रीपासून नंबर लावत, रांगेत आपल्या जागी वीट ठेवून घरी जाऊन येत. तरुणांना आधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती, आणि कोविन पोर्टल जूनपर्यंत बंगालीत नव्हतं, मराठीतही नव्हतं. या डिजिटल दरीवर सर्वोच्च न्यायालयानेच केंद्राला सुनावलं. दुसऱ्या डोसचं अंतर मेमध्ये बारा ते सोळा आठवड्यांवर गेलं, आणि ज्यांनी कॅलेंडरवर तारखा लिहून ठेवल्या होत्या ते गोंधळले. खोट्या शिबिराला गिऱ्हाईक मिळालं ते या टंचाईतून. चणचण असेल तेव्हा ‘दारात आलेलं सरकार’ तपासून पाहायचा धीर राहत नाही.

प्रमाणपत्राचंही तेच. त्यावर पंतप्रधानांचा फोटो होता. निवडणूक चालू असलेल्या राज्यांत तो नको, असं मार्चमध्ये निवडणूक आयोगाने सांगितलं. नंतर राज्याने विकत घेतलेल्या लशीच्या प्रमाणपत्रांवर पश्चिम बंगाल सरकारने मुख्यमंत्र्यांचा फोटो छापला. महिनाभर चर्चा फोटोची. त्याच कागदावर डोसच्या तारखेशेजारी बॅच नंबर छापलेला होता, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. मलकोवालच्या चौकशीत ज्या माहितीने सगळं ठरलं, तीच ही माहिती. ती नागरिकाच्या हातात येत होती, आणि तिचं काय करायचं हे त्याला कुणीच सांगितलं नाही.

मुंबईत कोलकात्याच्या काही आठवडे आधी हेच घडलं. ३० मे २०२१ रोजी कांदिवलीच्या हिरानंदानी हेरिटेज सोसायटीत ३९० रहिवाशांनी माणशी १२६० रुपये मोजून शिबिरात लस घेतली. फोटो काढू दिले नाहीत. मेसेज आले नाहीत. प्रमाणपत्रं मिळाली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांची. आणि रहिवाशांना खटकलेली आणखी एक गोष्ट म्हणजे कुणाला तापच आला नाही. त्या दिवसांत कोव्हिशील्ड घेतलेल्या घरांत पॅरासिटामॉलची गोळी उशाशी असायची. कणकण, अंगदुखी, दंडाचा ठणका यांवर फोनवरून गप्पा व्हायच्या. अख्ख्या सोसायटीत एकालाही काही होत नाही, हे लोकांनी एकमेकांना विचारून ताडलं. मुंबईतल्या अशा नऊ शिबिरांत २०५३ लोक फसल्याचं राज्य सरकारने जूनमध्ये उच्च न्यायालयाला सांगितलं.

इथेही कावा उघड केला तो सामान्य माणसांच्या आपसातल्या विचारपुशीने. लस घेतल्याच्या अनुभवांची देवाणघेवाण म्हणजे निव्वळ गप्पा, असं कुणी समजू नये. तीच माणसांची मोजणी असते.

तरी कांदिवली आणि कसबा यांत मोठा फरक आहे. कांदिवलीच्या रहिवाशांकडे सोसायटी होती, व्हॉट्सॲप ग्रुप होता, वकील गाठायची ऐपत होती. कसब्यात रांगेत उभ्या असलेल्या तृतीयपंथीयांकडे यांतलं बहुधा काहीच नसणार. आधार कार्डावरचं नाव एक, जगण्यातलं नाव दुसरं, लिंगाच्या रकान्यात भलतंच, अशी अवस्था असलेल्या माणसाला कागद न मागणारं शिबिर म्हणजे संशयाची जागा वाटत नाही. ‘इथे तरी कुणी हिणवत नाही,’ असं वाटतं. खोट्या शिबिराने आधार नंबर न विचारणं, हे खासदाराच्या नजरेला खटकलं, तर त्याच रांगेतल्या दुसऱ्या कुणाला तो दिलासाही वाटला असेल. पाहुण्या नामवंत नसत्या तर हा प्रकार किती दिवस चालला असता, या विचाराने अस्वस्थ व्हायला होतं.

म्हणून पुरावा म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. घेणाऱ्याने आपण कोण हे सिद्ध करणं ही एक, आणि देणाऱ्याने आपण काय देतोय हे सिद्ध करणं ही दुसरी. आपल्या यंत्रणेने पहिल्यावर सगळा भर दिला: आधार, ओटीपी, मोबाइल नंबर. ज्यांच्याकडे ओळखपत्रच नाही अशा भटक्यांसाठी, कैद्यांसाठी, वृद्धाश्रमातल्या माणसांसाठी वेगळी कार्यपद्धती केंद्राने काढली ती ६ मे २०२१ रोजी, म्हणजे मोहीम सुरू झाल्यावर जवळजवळ चार महिन्यांनी. दुसऱ्या गोष्टीसाठी मात्र टोचून घेणाऱ्याला कुठलाच हक्क स्पष्ट शब्दांत दिला नाही. खरं तर पहिली अट जितकी सैल करता येईल तितकी करावी आणि दुसरी जितकी कडक करता येईल तितकी. काठाल बागानमध्ये कुणाकडे ओळखपत्र नव्हतं. मोजणी तरीही चोख झाली, कारण ती जबाबदारी लस देणाऱ्याने उचलली होती.

ऑगस्ट २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला, की भारतात आणि युगांडात बनावट कोव्हिशील्ड सापडली आहे. भारतातल्या कुप्या २ मिलीलीटरच्या होत्या, आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट तेवढ्या आकाराची कुपी बनवतच नव्हती. सप्टेंबरमध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने राज्यांना खऱ्या लशीच्या खुणा कळवल्या: गडद हिरवं लेबल, त्याच रंगाचं ॲल्युमिनियमचं झाकण, ठरावीक कोनातूनच दिसणारी मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी. पत्र गेलं ते अधिकाऱ्यांना, मोहिमेवर देखरेख करणाऱ्या पथकांना. नक्षीसारखी खूण गुप्त राहिली तर समजण्यासारखं आहे, नाहीतर नकला करणारे तीही उचलतील. पण कुपीचा आकार, झाकणाचा रंग, बॅच नंबर, मुदतीची तारीख यांत गुपित काय आहे? दहा डोसांची कुपी ५ मिलीलीटरची असते, २ मिलीलीटरची निघतच नाही, आणि टोचण्याआधी ती हातात घेऊन बघायला मागता येते, एवढं प्रत्येक केंद्राच्या दारावर बंगालीत, मराठीत, उर्दूत, संथाळीत लावायला एक फलक पुरला असता. पुढच्या साथीसाठीचा आराखडा होईल तेव्हा शीतपेट्या, सुया आणि सर्व्हर यांच्या यादीत त्या फलकाचा खर्चही धरावा लागेल. आणि टोचणाऱ्या परिचारिकेला प्रत्येक माणसामागे अर्धं मिनिट जास्त द्यावं लागेल, कुपी समोर धरून नंबर मोठ्याने वाचून दाखवायला.